सोनुबाईचा नागू

कंदील बारीक कर रं काळूराम, आणि मदी मदी खिदळू नका. माझा सख्खा मेवणा जयवंता, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट हाय. खोटं सांगून मला काय मिळणार?

जयवंता खोपोलीला मास्तर. सुट्टी मिळाली की निघाला वाड्या पालथ्या घालायला. जुनी देवळं, दगडी विहिरी, सागवानी खांबांची घरं बघायची, वहीत उतरवायची. पायाला भिंगरीच त्याच्या. कशेळ्याच्या पुढं, डोंगराखालच्या वाडीत सोनुबाईचं असंच जुनं घर. म्हातारी एकटी. पोरगा नागू मुंबईला गोदीत गेला, पाच वर्षं पत्तर नाय. जयवंताला भाकरी वाढायची आणि विचारायची, "माजा नागू दिसला का रं बाबा कुटं?"

एकदा ह्याला बघवलं नाय. म्हणाला, "भेटला की शिळफाट्याला! दिवाळीला येतो म्हणालाय."

म्हातारी अशी हरखली, त्याच दिवशी अंगण सारवायला घेतलंन. अरं, दया आली म्हणून असं बोलायचं असतं का? मी लई शिव्या घातल्या त्याला.

दिवाळी गेली. नागू कुठला येतोय! जयवंताला घास गोड लागंना. खरं सांगावं, म्हातारीचे पाय धरावं, म्हणून गेला. सदुसष्ट साल, मार्गशीर्षातल्या अवसेची आदली रात्र. कशेळ्याहून चालत पोचला तवा नऊ वाजून गेलेले.

दार नुसतं लोटलेलं. मधल्या घरात पालथी टोपली. आत दिवा. भोकांतून उजेड... खांबाला टेकून म्हातारी बसलेली.

"मास्तर... नागू आला का रं?"

खरं बोलायला तोंड उघडलं. निघालं भलतंच.

"मागनं येतोय, आई."

"मग थांबते."



हा पडवीत आडवा झाला. मध्यान रात्री पावलं वाजली. जड. अंगणातनं आत गेली... उठायचं म्हणतो, उठवंना. आतनं म्हातारीचं रडणं. मग तेही थांबलं.

उजाडता शेजारची अंबाबाई आली. "मास्तर, तुमी? अवो, सोनुबाईला जाऊन धा दिवस झाले! पोटचं कोण जवळ नाय, म्हणून आमीच काल पीठ पसरून दिवा ठेवला."

माणूस गेलं त्या जागी पीठ पसरतात, वर टोपली. सकाळी बघायचं, काय उमटलंय. कुणाचं चिमणीचं पाऊल, कुणाचं गाईचं, तो त्याचा पुढला जन्म.

अंबाबाईनं टोपली उचललीन. 

पिठात दोन पावलं. एक म्हातारीचं, भेगाळल्या टाचेचं. त्याला लागून दुसरं... पुरुषाचं, थोराड. दोन्ही दाराकडं तोंड करून.