मांजरीला ऐकू येत नव्हतं

लाइट गेलेच आहेत तर ऐका, पण मध्येमध्ये खिदळू नका. गोष्ट माझ्या मित्राची आहे. थोडी माझीही आहे, म्हणून मी ती सहसा सांगत नाही.

मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. मित्र बस ड्रायव्हर, पहाटेची पहिली गाडी त्याची. एका बुधवारी दुपारी तो औषध विचारायला आला. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ती आठवडाभर इस्पितळात, आणि घरी तिची म्हातारी मांजरी रोज रात्री गळा काढून ओरडायची. झोपेअभावी काल गाडी चालवताना त्याचा डोळा लागला होता. मांजरीला झोपेची गोळी देता येते का, एवढंच त्याला हवं होतं. मला जेवायला जायची घाई. मी म्हटलं, मांजर आहे, ओरडणारच, लांब कुठेतरी सोडून ये.

आता ऐका. म्हातारी मांजरं बरेचदा बहिरी होतात. स्वतःचाच आवाज कळत नाही, म्हणून रात्री मोठमोठ्याने ओरडतात. छोटा दिवा चालू ठेवायचा, जवळ घ्यायचं, की बहुतेक वेळा गप्प होतात. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. लाज वाटते रे अजून.

त्याच रात्री त्याने तिला डेपोमागे सोडलं. शनिवारी आई घरी आली आणि आल्याआल्या मांजरीला हाका मारू लागली. हा म्हणाला, पळून गेली. वडील गेल्यापासून आईला तेवढीच सोबत होती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारचीच रात्र. एक वाजून चाळीस मिनिटं. तो दचकून उठला. मांजरी ओरडत होती. तोच फाटका आवाज. घरातच.

टॉर्च घेतली. स्वयंपाकघर... नाही. माळा... नाही. आवाज पुढे सरकत होता. आईच्या खोलीकडे.

तो दारात थांबला. आत अंधार. आई जागी होती.

"कुठे सोडलीस तिला?"

आवाज पलंगाखालून... मग पलंगावरून...

"डेपोमागे," तो म्हणाला. "आई, मी खोटं बोललो."

ओरडणं थांबलं. एकदम.

रविवारी सकाळी तो मला ओढतच डेपोवर घेऊन गेला. वॉचमन म्हणाला, ती मांजरी ना, गुरुवारीच बसखाली आली, मीच पुरली. त्याने भिंतीलगतची ताजी माती दाखवली. आम्हाला एकमेकांकडे बघवेना.

सल्ला माझा होता, हे त्याच्या आईला, म्हणजे मावशींना, मीच सांगायचं, असं वाटेत ठरलं. पण त्यांच्या खोलीत शिरलो आणि मी ते सांगायचं टाळलं. नुसतं कुजबुजत विचारलं, बरं वाटतंय का.

"मोठ्याने बोला की," मावशी म्हणाल्या. "तिला कुठे ऐकू येतंय."

त्यांनी पायांशी बोट दाखवलं. पांघरुणात ताटलीएवढा गोल खळगा पडला होता. रिकामा. मी हात लावला...

गरम होता. इतकी वर्षं मांजरं हाताळली मी, ती ऊब मला कळते. मावशींना काहीही न सांगता मी तसाच घरी आलो.