डाव्या दाराची उलटी तार

दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तोंडावर “हे घेऊ नका” म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं? आईला तर तो पहिल्या भेटीतच शिष्ट वाटला. निळे दिवे लागणारे चांगले मोठे स्पीकर तिनं बोट दाखवून मागितले, तर हा पठ्ठ्या सरळ मान हलवतो!

“काकू, तुमच्या रेडिओत तेवढा दम नाही. साधे घ्या. पुढच्या दोनच दारांना बसवू, मागचे जुने राहू देत. उरलेला खर्च दारांवर करू.”

“दारांवर? दारं काय गातात?”

“दारंच गातात,” असं म्हणून त्यानं गाडीच्या दारावर टिचकी मारली. रिकाम्या डब्यासारखं वाजलं.

लेक खुदकन हसली. आईनं डोळे वटारले, पण हसू थांबेना. लेक जनावरांची डॉक्टर. मारक्या बैलाच्या तोंडात हात घालायला न भिणारी. तिची नेमणूक अडीच तासांवरच्या गावी झाली होती; गावाच्या नावासकट हे सगळं आईनं त्याला आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. येत्या रविवारी वडिलांची जुनी गाडी घेऊन निघायचं. एकटीला वाटेत आवाजाची सोबत हवी, म्हणून हा सगळा खटाटोप.

त्यानं दाराचं आतलं आवरण उतरवलं. आईनं स्टूल ओढून ठिय्या मांडला. तो पत्र्यावर काळ्या जाड पट्ट्या अंगठ्यानं दाबून चिकटवत होता, एकेक भोक बुजवत होता.

“इतकं लिंपायचं कशाला?” लेकीनं विचारलं.

“आवाज पुढून निघतो तसा मागूनही निघतो, डॉक्टर. भोकातून दोन्ही भेटले की एकमेकांना खातात.”

“म्हणजे लग्न झाल्यासारखं?”

तो पहिल्यांदा हसला… आणि हातातला पाना पडला. उचलायला दोघंही वाकली. बोटाला बोट लागलं. सोडलं मात्र कुणीच नाही. आई खाकरली, तेव्हा सुटलं.

“आणि ही तार?” लेकीचा आवाज उगाच बारीक झाला होता.

“एका दाराची तार उलटी जोडली तरी तेच होतं. आवाजाचं पोट जातं, नुसता पोकळ वाजतो.”

“काही जळत नाही ना?”

“नाही. सुलटी केली की परत येतो.”

“अस्सं…”

काम संपल्यावर त्यानं काचा वर केल्या आणि गाणं लावलं. आई मागच्या सीटवर बसली होती, नावं ठेवायच्या तयारीनं.

गाणं सुरू व्हायच्या आधी गाणाऱ्या बाईनं श्वास घेतला. तो ऐकू आला.

आईच्या अंगावर काटा उभा राहिला. हे गाणं तिनं भांडी घासताना हजारदा ऐकलं होतं; पण ही बाई श्वास घेते, हे आज कळलं. आवाज दारांतून येतच नव्हता. ती बाई समोर काचेपाशी येऊन बसली होती, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. वाजवणाऱ्याचं बोट वाद्याच्या तारेवरून घसरलं, तेसुद्धा कळलं. कशाचंच नवल न वाटणाऱ्या आईनं ओठ घट्ट मिटून घेतले, न जाणो आपल्या श्वासानं ती उठून जायची.

लेक तोंडावर हात ठेवून बसली होती. आणि तो? गाणं ऐकतच नव्हता. लेक ऐकत होती, ते बघत होता. परका माणूस आपल्या लेकीकडे असा बघतो तेव्हा रागवायचं असतं. आईला ते सुचलंच नाही. आता हा काहीतरी बोलेल, तिला वाटलं.

“झालं,” तो म्हणाला आणि किल्ली दिली.

झालं? एवढंच? रस्ताभर लेक तेच गाणं परत परत लावतेय, आणि आई मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय.

शुक्रवारी सकाळी लेक म्हणाली, “आई, गाडीचा आवाज बिघडला.”

आई गाडीत जाऊन बसली. खरंच की! समोरची बाई नाहीशी झाली होती. सूर होता, पण पोकळ, कुठून येतोय ते समजेना. आईला चक्क रडू आलं. “चल त्या शहाण्याकडे,” ती म्हणाली.

त्यानं डावं दार उघडलं. वाकून बघितलं. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“डॉक्टर, तारा उलट्या जोडल्यात.”

“तुम्हीच जोडल्या असतील.”

“असतील. पण मी काळी पट्टी गुंडाळतो. ही पांढरी आहे… जखमेवरची.”

लेकीचे कान लालबुंद झाले. आईनं तिच्याकडे बघितलं, मग पट्टीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ही पोरगी पाना घेऊन दार उघडून बसली होती!

“काही जळत नाही, असं तुम्हीच सांगितलंत,” लेक जमिनीला सांगत होती. “मला दुसरं… दुसरं कारण सुचलं नाही यायला.”

त्यानं तारा सुलट्या केल्या, काळी पट्टी लावली. आई मागच्या सीटवर जाऊन बसली, त्यानं गाणं लावलं आणि ती बाई पुन्हा समोर येऊन बसली. आता त्या भरल्या आवाजात तिघंही अडकली, कुणाला हलवेना.

“घाट संपला की मोठं वडाचं झाड आहे,” तो हळूच म्हणाला. “तिथून पुढे रेडिओ लागत नाही. गाणी भरून न्या. दवाखान्याच्या अलीकडचा पूल अरुंद आहे, सावकाश घ्या.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“बुधवारी जाऊन आलो.”

“कशाला?”

“तुम्ही कुठून जाणार… ते बघायला.” त्यानं मान वर केली. “आणि मला रोज यायला जमेल का, ते बघायला. रोज नाही जमणार. रविवारी जमेल. दर रविवारी.”

लेकीनं त्याचा हात धरला. या वेळी आई खाकरली नाही. पाच तासांचं येणं-जाणं, अरुंद पूल मोजत, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही! ती गाडीतून उतरली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याला नखशिखांत न्याहाळलं.

“तू ठार वेडा आहेस,” ती म्हणाली. “ही तुझ्याहून वेडी. शहाण्या माणसाच्या हाती दिली असती तर आठ दिवसांत परत आणून सोडली असती त्यानं. तूच बरा.”