लंडनचे उत्तर

प्रयोगशाळेच्या दारात मी चपला काढून ठेवल्या, ही माझी पहिली चूक.

१९६१ सालचा जुलै महिना होता. बेंगळुरात बसवनगुडीला आमच्या घरीच वडिलांची संस्कृत पाठशाळा भरे. जेथे विद्या घ्यायची तेथे अनवाणी जायचे, एवढेच मला ठाऊक. छावणी भागातल्या ख्रिस्ती महाविद्यालयात संस्कृत घेऊन मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षात आले, आणि नेमके त्याच वर्षी कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘सामान्य शिक्षण’ नावाचे नवे व्रत लागले. काव्य आणि व्याकरण शिकणाऱ्यांनाही थोडे विज्ञान, थोडे गणित यावे, असा त्यामागचा हेतू. त्याचे गुण श्रेणीत धरत नसत. पण त्यात उत्तीर्ण झाल्यावाचून पदवीही मिळत नसे.

आत फरशी गार होती. हवेत गॅसचा उग्र वास होता. मी दोन पावले टाकली असतील, तोच मागून इंग्रजीत प्रश्न आला, “ही पादत्राणं कोणाची?”

वळून पाहिले. उंच, सावळा, किंचित वाकून उभा राहणारा एक तरुण माझ्या चपला हातात घेऊन दारात उभा होता. लाजेने मी मराठीतच पुटपुटले, “अगबाई! देवळातसुद्धा कोणी हात लावत नाही…”

“देवळात काचा फुटत नाहीत,” तो मराठीत म्हणाला, आणि त्याने चपला माझ्या पायांपुढे ठेवल्या. “घाला. इथल्या सरस्वतीला अनवाणी भक्त चालत नाहीत.”

घराबाहेर मराठी ऐकण्याची मला सवय नव्हती. रस्त्यात कन्नड, वर्गात इंग्रजी, मराठी ती स्वयंपाकघरातली. ती अशी परक्या पुरुषाच्या तोंडून आली, तेव्हा कोणी न विचारता माजघरात येऊन बसावे तसे वाटले.

त्याचे नाव बिंदुमाधव गलगली. अथणीकडचा, बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिला. आम्हा कला शाखेच्या अडाण्यांना मदत करण्यासाठी प्राध्यापक जेबराज यांनी त्याची नेमणूक केली होती. जेबराज सरांचा एकच नियम होता. जे डोळ्यांनी दिसले तेच वहीत लिहायचे, खोडायचे नाही. आणि प्रत्येक पानावरचे आकडे गलगलीने स्वतः पाहून खाली सही करायची. सही असेल तरच ते पान ग्राह्य.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना तो माझ्या नावाशी अडला.

“टी. मथुरा. टी म्हणजे?”

“त्रिविक्रमाचार्य. माझे वडील.”

“आणि आडनाव?”

“आमच्यात नसतं. इथे बेंगळुरात वडिलांचं अक्षर पुढे लावतात, तेवढंच.”

“म्हणजे नावाच्या पुढे वडील, आणि मागची जागा रिकामी?” त्याने मान वर न करता हजेरीवर खूण केली. “बरं झालं, कळलं.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारची मुलगी म्हणाली, “काय म्हणाला गं तो?” मी म्हटले, “काही नाही… व्याकरण.”

पहिला प्रयोग लंबकाचा. दोऱ्याला पितळेचा गोळा टांगायचा, हलकेच सोडायचा, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजायचे, आणि त्यावरून पृथ्वी वस्तूंना किती जोराने ओढते ते काढायचे. मी गोळा सोडला आणि सवयीप्रमाणे संस्कृतात मोजू लागले – एकम्, द्वे, त्रीणि… उत्तर आले एक हजार शहाऐंशी.

बिंदुमाधवाने ते पाहिले आणि तोंडावर हात धरला.

“हसायला काय झालं?”

“तुमच्या मेजावर पृथ्वी फार आतुर झालेली दिसते. सर्वांना नऊशेऐंशीच्या आसपास ओढते, तुम्हाला हजारावर!” मग आवाज उतरवून म्हणाला, “गोळा सोडताना ‘एक’ म्हणालात ना? तेव्हा तो अजून कुठे हलला होता? आपल्या पूर्वजांनी जगाला शून्य दिलं, असं घरी रोज ऐकत असाल. मग मोजताना त्या बिचाऱ्याला दाराबाहेर का ठेवता?”

मला राग आला, आणि त्या रागाची फार गोडी वाटली.

प्रयोगाचा तास गुरुवारी असे; त्यानंतर गुरुवारची मी वाट पाहू लागले. तो माझ्या मेजाशी इतरांपेक्षा अधिक वेळ थांबत नसे. उलट थोडा कमीच थांबे, आणि त्या कमीपणातच मला सारे कळे. मोजपट्टी देताना तो तिचे एक टोक धरी, मी दुसरे. मध्ये शंभर सेंटिमीटर लाकूड. एकदा तो हळूच म्हणाला, “सोडा आता… नाही तर मला ओढत न्यावं लागेल.” मी सोडली नाही. मोजून तीन क्षण.

ऑक्टोबरात एका दुपारी पावसाने रस्ते भरून गेले. बसच्या थांब्यावर त्याच्या छत्रीखाली आम्ही दोघे उभे होतो. मी कोरडी, आणि त्याचा डावा खांदा पार भिजलेला.

“जूनपासून मला इथेच डेमॉन्स्ट्रेटरची जागा मिळेल,” तो म्हणाला. “सरांनी शब्द दिलाय. जागा मिळाली की… मी बसवनगुडीला येईन म्हणतो. तुमच्या वडिलांना नमस्कार करायला.”

“नमस्कारासाठी एवढ्या लांब?”

“नमस्कार झाल्यावरही काही बोलायचं असतं.”

“ते संस्कृतात बोलावं लागेल हं. आमचे अण्णा कठीण आहेत.”

“तोवर शिकेन. तुम्ही शिकवाल?”

बस आली. मी पायरीवर चढून मागे पाहिले, आणि मान हलवली. होकाराला एवढे पुरते, असे तेव्हा वाटले होते.

एप्रिल उजाडला. त्याची परीक्षा संपली होती. केवळ आमच्या वह्या पुऱ्या करून घेण्यासाठी तो थांबला होता. लंबकाचा प्रयोग पाच निरनिराळ्या लांबीच्या दोऱ्यांनी पुन्हा करायचा होता. या वेळी मी शून्यापासून मोजले. तरी उत्तरे आली – नऊशे त्रेचाळीस, नऊशे एकसष्ट, एकदा तर हजारावर. मी पुस्तक उघडले. तेथे स्वच्छ छापले होते, ९८१.

येथे माझ्या हातून जे घडले, ते सांगताना आजही शब्द जड होतात. ते कपट आहे असे मला वाटलेच नाही. आमच्या घरी ग्रंथात लिहिलेले आणि डोळ्यांना दिसलेले यांत विरोध आला, तर डोळ्यांची चूक मानीत. छापलेले खरे, माझा हात खोटा. शिवाय तो पुन्हा हसेल, ही लाज होतीच. मी गणित उलटे मांडले, वेळेचे आकडे उत्तराला जुळतील असे बेतले, आणि पाचही ओळींत नऊशे एक्क्याऐंशी आणले.

वही पुढे केली. त्याने लेखणी काढली. पानाकडे त्याचे लक्षच नव्हते. तो माझ्याकडे पाहत होता.

“आकडे पाहा ना,” मी म्हटले.

“तुमच्या वहीत काय पाहायचं?” तो म्हणाला, आणि त्याने सही केली.

दोन दिवसांनी जेबराज सरांनी आम्हा दोघांना बोलावले. माझी वही त्यांच्यापुढे उघडी होती. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मिस मथुरा, हे पुस्तक इंग्लंडात छापलेलं आहे. ९८१ हे लंडनचं उत्तर. बेंगळुरात पृथ्वी थोडी कमी ओढते, नऊशे अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं इथे शिकवतो आहे. या खोलीत दोऱ्याच्या लंबकानं पाच वेळा तेच उत्तर मी आजवर पाहिलं नाही. नऊशे त्रेचाळीस आलं असतं तरी मी आनंदानं उत्तीर्ण केलं असतं.” मग ते वळले. “गलगली, हे आकडे घेताना तू पाहिलेस?”

बिंदुमाधवाने वहीकडे पाहिले. प्रथमच. मग माझ्याकडे.

मला महाविद्यालयात पाठवले, म्हणून साऱ्या आप्तांनी अण्णांना बोल लावला होता. ‘वर्ष फुकट गेले तर मुलगी घरी बसेल,’ असे त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले होते. मी खाली मान घातली. भिंतीवरचे घड्याळ ऐकू येत होते.

“माझी चूक, सर,” तो म्हणाला. “उत्तर किती यायला हवं, ते मीच सांगितलं होतं. आकडेही मीच जुळवून दिले.”

सरांनी वही मिटली. “न पाहता सही करणारा माणूस मला एक वेळ चालला असता,” ते म्हणाले. “आकडे जुळवून देणारा या प्रयोगशाळेत नको. जूनचा विचार सोडून दे. मिस मथुरा, उद्या येऊन प्रयोग पुन्हा करा.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. चॅपलच्या बाजूच्या मागच्या दाराने गेले. पुढच्या दाराशी तो भेटेल म्हणून. सरांसमोर मोजले, नऊशे एकोणसत्तर आले, उत्तीर्ण झाले. सांगायचे ते ओठांवर आले होते… उद्या सांगू, असे म्हटले. तिसऱ्या दिवशीही उद्या म्हटले. चौथ्या दिवशी सांगितले.

सरांनी शांतपणे ऐकले. “काल मी ती जागा दुसऱ्याला दिली. पत्र गेलं,” ते म्हणाले. “मुली, परवा तू इथेच उभी होतीस.”

बाहेर प्रयोगशाळेचा शिपाई देवाप्पा काचनळ्या धूत होता. तो म्हणाला, “गलगली आज गावाला निघाले, अक्का. साडेपाचची गाडी. जरा घाई कर.”

स्टेशनावर मिरजेकडची गाडी उभी होती. खिडकीशी तो बसला होता, मांडीवर वळकटी. मला पाहून उठू लागला, मग तसाच बसला.

“मी सरांना सगळं सांगितलं,” मी म्हटले. धापा टाकत होते.

“केव्हा?”

“आज.”

त्याने मान हलवली. “मी तीन दिवस रोज सकाळी पुढच्या पायऱ्यांवर बसत होतो. जागेसाठी नव्हे. जागा गेलीच होती. तुम्ही याल, काहीतरी बोलाल म्हणून.”

“मी मागच्या दाराने…”

“ते देवाप्पा म्हणाला.”

फलाटावर चहावाला ओरडत गेला. तो थोडा वेळ गजावरून बोट फिरवीत राहिला. मग म्हणाला, “एक विचारू? मी सरांना ते सांगितलं, त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?”

रडू आले, असे म्हणता आले असते. तुमच्याविषयी अभिमान वाटला, असेही. त्याने ते मानलेही असते.

“सुटले, असं वाटलं,” मी म्हणाले.

तो खिन्नसे हसला. “सरी… ठीक आहे,” एवढेच म्हणाला. “अथणीच्या शाळेत गणिताची जागा आहे. ती घेईन.”

शिट्टी झाली. गाडी हलली. माझी पावले तिच्याबरोबर चालू लागली. मी त्यांना सांगितले नव्हते. हात गजापर्यंत पोहोचत होता. एक शब्द पुरेसा होता, आणि तो मला ठाऊक होता. गाडीने वेग घेतला, तशी मी धावू लागले.

“मथुरा!” त्याने आजवर कधी मला नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. “थांबा! फलाट संपला, पडाल!”

मोठ्यांचे, जाणत्यांचे, प्रेमाच्या माणसांचे सांगणे ऐकायची सवय जन्मापासूनची. मी थांबले. गाडी वळणावर गेली, धूर विरला, आणि मग मी समोर पाहिले.

फलाट अजून पुष्कळ उरला होता.