तीन सुतांचं भांडण

"जाळी वाकडी हाय, ताई."

नाव नाही, गाव नाही, टेम्पोतून उतरल्या उतरल्या पहिलं वाक्य हे. मी कटर बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या माणसाकडे पाहिलं. उंच, सावळा, शर्टावर ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं, म्हणजे वेल्डर असणार. डोळे मात्र फार चांगले होते. त्याचा मला जास्तच राग आला. कामात खोड काढायला आलेल्या माणसाला देवाने असे डोळे द्यायला नकोत.

घोडेगावात आमचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. साखरेच्या दुखण्याने दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, टेपवरचे बारीक आकडे दिसेनासे झाले, तेव्हापासून तीन वर्षं कापायचं सगळं काम मीच करते. जनावरांच्या बाजाराच्या फाटकात आडवी गटार आहे, तिच्यावर टाकायच्या लोखंडी जाळ्या आमच्याकडून गेल्या होत्या, त्यांतलीच एक टेम्पोतून परत आली होती. मोठ्या जाळीवर खडूने आखायचं, एकेक पट्टी कापायची, कडा घासायच्या, गुण्या लावून कोपरे काटकोनात आणायचे. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायचा, दोन्हीकडून. दोन्ही मापं सारखी आली की जाळी सरळ. हे सगळं वेल्डिंगच्या आधी, कारण एकदा जोडलं की लोखंड कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

"टेप धरा," मी म्हटलं.

त्याने एका कोपऱ्यावर टेपचं टोक अंगठ्याने दाबून धरलं. पाच फूट. दुसऱ्या दोन कोपऱ्यांतून धरला, पाच फूट. त्याने स्वतः पुन्हा मोजलं, तरी पाचच. मग मी विचारलं की गटारीवरची फ्रेम कुणी बनवली, आणि साहेब एकदम जमिनीकडे बघायला लागले.

तेवढ्यात टेम्पोच्या पुढच्या सीटवरून ठेकेदार उतरला. बाईमाणसाच्या हातचं काम, चालायचंच, कोपरा छाटून द्या म्हणजे बसेल, असं म्हणून तो मोठ्याने हसला. आणि ज्याने आत्ता स्वतःच्या हाताने टेप धरला होता, तो ठोंब्या गप्प उभा राहिला. गप्प! दादांनी तर हात जोडून ठेकेदाराची माफी मागितली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी छाटून दिलं नाही, तेव्हा जाळी घेऊन टेम्पो तसाच परत गेला. मग मी दादांना माप सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, गिऱ्हाईकाशी खरं-खोटं करायचं नसतं, बाजारात नाव गेलं की गेलं. संध्याकाळी त्यांनी राहात्याला एका पाहुण्याला फोन लावला. कापायला एखादा चांगला गडी बघून ठेव म्हणाले. मला म्हणाले, राजी, तू आता आलं-गेलं बघत जा. तीन वर्षांत माझी एकही जाळी परत आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाची सर आली आणि तिच्यासोबत तो आला. एकटाच, ओलाचिंब, जाळी खांद्यावर. दादा औषधं आणायला नेवाशाला गेले होते. वाल्मिक नाव माझं, कर्जतकडचा, असं त्याने न विचारता सांगितलं. मीही राजेश्वरी, एवढंच म्हटलं. ठेकेदाराने कोपरा छाटून आणायला पाठवलं होतं.

मी कटरला हातही लावला नाही.

"कोपरा छाटला तर पट्टीचं टोक फ्रेमवर टेकनार न्हाई. बैलाचा पाय आत गेला तर काढायला तुमी येनार का?"

"ठावं हाय मला." त्याने जाळी भिंतीला टेकवली. केसांतून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही भान त्याला नव्हतं. "फ्रेम म्याच केली. ठेकेदारानं घाई लावली... चारी कोपऱ्यांना वेल्डिंगचे बारके टाके मारून पक्कं करायच्या आधीच एक बाजू पुरी जोडून घेतली. तापल्यावर लोखंडानं ओढ घेतली. तीन सूत."

तीन सूत म्हणजे अर्ध्या इंचाहूनही कमी. पण जाळी बसायची नाही म्हटलं की नाही.

"म्हंजी काल तुमाला समजलं हुतं?"

"तुमी टेप धरायला लावला, तवाच."

"मंग तोंडात काय गूळ धरला हुता?"

"मी..." तो अडखळला, कान लाल झाले. "मी तुमच्याकडंच बघत ऱ्हायलो. ठेकेदार काय बोलला ते बी उशिरा कळलं."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आत माझं काळीज. हे असलं उत्तर ऐकून विरघळायचं का? नाही. मला दुप्पट राग आला. त्याचं बघणं झालं आणि नाव गेलं माझं. तो म्हणाला, ठेकेदारापुढे बोललो तर त्याच दिवशी काम जाईल. मी म्हटलं, न बोलल्याने माझं जातंय, आणि त्याला राहात्याच्या गड्याची गोष्ट सांगितली. ते त्याला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा पडला. त्याने माझ्या घासलेल्या कडांवरून बोट फिरवलं.

मग त्याने जाळी तशीच, न छाटता, पुन्हा खांद्यावर घेतली.

"सर थांबू द्या," माझ्या तोंडून निघून गेलं.

"थांबलो तर बोलायचं ऱ्हाऊन जाईल," तो म्हणाला आणि पावसात निघाला. जाताना तो 'ताई' म्हणाला नाही. हे माझ्या ध्यानात आलं, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

त्याच्या भरवशावर बसणाऱ्यांतली मी नव्हे. बाजार दोन दिवसांवर आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि गुण्या घेऊन मी फाटकापाशी गेले. ठेकेदाराला चारचौघांत फ्रेम मोजून दाखवायची, वाटेतच सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. पोचले तर वाल्मिक गुडघ्यावर बसून छिन्नीने फ्रेमभोवतीचं सिमेंट फोडत होता. भोवती बाजार समितीची माणसं, चहावाले, दोन व्यापारी. ठेकेदार ओरडत होता. वाल्मिक मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जाळी सरळ हाय. फ्रेम माजी वाकडी. त्या बाईच्या मापात एका सुताची बी चूक न्हाई."

ठेकेदाराने त्याला तिथेच कामावरून काढलं. त्याने मात्र दुपारपर्यंत बसून फ्रेम नव्याने जोडून दिली, या वेळी चारही कोपऱ्यांना आधी टाके मारून. माझी जाळी तिच्यात अलगद बसली. मी भांडायची एवढी तयारी करून गेले होते आणि या माणसाने ती सगळी वाया घालवली.

गावात बातमी माझ्याआधी पोचते. चार वाजता वाल्मिक दादांची माफी मागायला दुकानात आला, तेव्हा दादा खुशीत होते. गाव, भावकी, मामाचं कूळ, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "आसा खरं बोलनारा गडी पायजे मला. कटर तुमीच सांबाळा. राजी मोकळी."

मी मोकळी. माझ्या जाळीवर उभं राहून याचा मान वाढला आणि माझं काम परत याच्याच पदरात. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वाल्मिक बोलला.

"न्हाई दादा. कापायचं त्यांनीच. तसा हात माजा न्हाई. मी जोडीन."

"आरं, पन ती उद्या लगीन करून जाईल. मंग?"

"जायाची गरज काय..." त्याचे कान पुन्हा लाल. "मीच हितं ऱ्हातो. लोकं घरजावई म्हनली तरी चालंल."

माझ्या हातातली कानस खाली पडली.

"मी हितं उबी हाय," मी म्हटलं. "माजं काम तुमी दोगं ठरवताय, माजं लगीन तुमी दोगं ठरवताय. मला कुनी इचारलं?"

वाल्मिक दादांकडे पाठ करून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "चुकलो. आता इचारतो. तुमी मला आवडता, राजेश्वरी. करता का माज्यासंगं लगीन?"

मलाही तो आवडत होता. भर पावसात जाळी खांद्यावर टाकून निघाला, तेव्हापासून. पण राग अजून उतरला नव्हता, म्हणून मी रागातच सांगितलं.

"करते. पन चूक तुमची आसंल तवा आजच्यासारकं चारचौगांत बोलायचं. आन गोष्ट माजी आसंल, तवा मला बोलू द्यायचं."

"व्हय," तो म्हणाला. पुढे एक शब्द नाही. शिकत होता.

मग मी दादांकडे वळले. ते माझ्याकडे बघत होते, डोळ्यांत पाणी होतं की साखरेचं धूसर, कळेना. त्यांनी मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरून राहात्याचा नंबर शोधला आणि लावला.

"न्हाई, गडी नको," ते म्हणाले. "आमच्या दुकानात कापायला राजेश्वरी हाय."