न ऐकणारा कुत्रा

"सोड नळ!" गच्चीच्या कठड्याजवळून लांब्या ओरडला.

"सोडलाय कधीचा!" टाकीमागून बटणचा आवाज आला.

"मग पाणी कुठे गेलं? वाटेत झोपलं की काय?"

पाणी झोपलं नव्हतं, झिपरी पाइपवर उभी होती! आईने तिघांना गच्ची धुवायला पाठवलं होतं आणि तिघांनी ठरवलं होतं की आधी पाण्याची लढाई, मग वेळ उरलाच तर गच्ची. झिपरी आणि बटण सख्खी भावंडं. तिच्या केसांना कंगवा घाबरायचा, आणि तो शर्टाच्या बटणाएवढाच राहतो की काय, अशी घरच्यांना काळजी. शेजारचा लांब्या मात्र दर सुट्टीत वीतभर वाढायचा.

झिपरीने पाय उचलला. पाइप सापासारखा उसळला आणि पाण्याची धार अरुंद गल्ली ओलांडून थेट समोरच्या गॅलरीत जाऊन पडली.

"मेलो! कुणाचं घर आहे ते?" लांब्याने जीभ चावली.

"कुणाचं नाही. तिथले लोक सामान भरून गेले ना परवा," झिपरी म्हणाली आणि एकदम तिने त्याचा हात धरला. "थांब! पाइप हलवू नकोस. ते बघ!"

गॅलरीत एक मोडकं कपाट टाकून दिलेलं होतं. त्याच्यामागून एक गुलाबी जीभ बाहेर आली आणि फरशीवरचं पाणी लपालपा पिऊ लागली. जिभेपाठोपाठ नाक आलं, मग पांढरा चेहरा आणि एका डोळ्यावर तपकिरी डाग.

"कुत्रा!" बटण किंचाळला. "ए यू यू यू! इकडे बघ!"

कुत्र्याने मानसुद्धा वळवली नाही.

"शिष्टच दिसतोय," लांब्या म्हणाला.

"तहानलाय तो!" झिपरी रागाने म्हणाली. "बघ ना, बादली रिकामी आहे. गॅलरीचं दारही बंद. विसरून गेले त्याला!"

"कुत्रा काय छत्री आहे, विसरायला?" बटणने विचारलं.

तिघं धडाधडा जिना उतरले.

समोरच्या इमारतीत खाली एक कार्यालय होतं. घरं भाड्याने लावून देणारे दलालकाका तिथे बसत. त्यांच्या टेबलावर किल्ल्यांचा ढीग होता, पंखा गरागरा फिरत होता आणि काका डोळे मिटून 'विचार' करत होते.

"काका, वरच्या घरात कुत्रा अडकलाय!"

काकांनी एक डोळा उघडला. "वरचं घर रिकामं आहे."

"आम्ही पाहिला ना! गॅलरीत आहे. तुम्ही फक्त दार उघडा."

"त्या लोकांनी मला स्वतः सांगितलं, कुत्रा कुणाला तरी दिला म्हणून. आता तुमच्यासाठी जिने चढू? माझे गुडघे बघा! पळा! सुट्टी लागते तुम्हाला आणि ताप माझ्या डोक्याला!" डोळा पुन्हा मिटला.

तिघं बाहेर आले. दारासमोर काकांची पांढरीशुभ्र गाडी उभी होती. काका तिला रोज स्वतःच्या हाताने पुसत आणि पोरांना तिच्या सावलीतही उभं राहू देत नसत. झिपरीने गाडीकडे पाहिलं, मग वर पाहिलं. गॅलरीतलं पाणी बाहेर पडायची नळी नेमकी गाडीच्या डोक्यावर होती. आणि तिच्यातून थेंब थेंब गळतच होतं!

"लांब्या," ती हळूच म्हणाली, "कुत्र्याला अजून तहान असेल, नाही?"

लांब्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "भयंकर असेल! पोहण्याइतकी!"

थोड्याच वेळात गच्चीवरून धार पुन्हा सुरू झाली. लांब्याने नेम धरला, बटणने नळ पूर्ण सोडला आणि खाली नळीतून मातकट पाण्याचा झकास धबधबा गाडीवर कोसळू लागला.

"काका! ओ काका!" झिपरी कार्यालयात घुसली. "वरच्या घरातून पाणी वाहतंय! तुमच्या गाडीची पार वाट लागली!"

यात एकही अक्षर खोटं नव्हतं. काका ताडकन उठले, बाहेर डोकावले आणि "अरे देवा! पाइप फुटला!" असं ओरडत किल्ल्या घेऊन जिना चढले. गुडघे कुठे गेले कुणास ठाऊक! झिपरी त्यांच्या मागोमाग पळाली.

कुलूप निघालं. काकांनी गॅलरीचं दार खेचलं मात्र, एक ओलाचिंब पांढरा गोळा त्यांच्या पायांतून सुसाट बाहेर आला. काका फतकल मारून पाण्यात बसले.

"कुत्रा!" ते म्हणाले.

"तेच तर सांगत होतो!" झिपरी ओरडली आणि कुत्र्यामागे धावली.

कुत्रा जिना उतरून थेट रस्त्यावर गेला. त्याच वेळी कोपऱ्यावरून पावाची गाडी भरधाव आली. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. सगळी गल्ली दचकली, पण रस्त्याच्या मधोमध उभा राहिलेला कुत्रा आरामात अंग झटकत होता!

विचार करायला वेळच नव्हता. झिपरी दोन्ही हात पसरून रस्त्यात धावली. ब्रेक करकचून लागले. पावाचे ट्रे धडधडले. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"मरायचंय का, पोरी?" ड्रायव्हर खाली उतरला. "आणि हे कुत्रं! एवढा हॉर्न वाजवला, बहिरं आहे की काय?"

झिपरी रस्त्यातच बसली आणि तिने कुत्र्याला कवेत घेतलं. बटण किती ओरडला होता, आठवलं तिला. कुत्रा तिचा कान चाटत होता, कान मुळीच न टवकारता.

"हो," ती म्हणाली. "बहिराच आहे तो."

आई आरडाओरडा ऐकून धावत आली होती. तिने आधी झिपरीला छातीशी धरलं, मग गाडीसमोर धावल्याबद्दल एक धपाटा दिला, आणि मग सगळ्यांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाली. दलालकाकाही निथळत मागून आले.

डॉक्टरकाकूंनी कुत्र्याच्या पाठीमागे स्टीलची ताटली आपटली. बटणने कानांत बोटं घातली. कुत्रा भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिला.

"काहीच ऐकू येत नाही याला. बहुतेक जन्मापासूनच," काकू म्हणाल्या. "त्या लोकांचा फोन नंबर आहे का?"

काकांनी मान खाली घालून नंबर सांगितला. काकूंनी सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला.

"सोडून नाही हो दिला," पलीकडचा माणूस चाचरला. "पाणी ठेवलं होतं. कुणीतरी बघेल असं वाटलं. काय करणार, तो अजिबात ऐकायचा नाही! हाका मारून मारून घसा बसायचा. मारलं, कोंडलं, तरी ऐकत नव्हता."

"बरोबर आहे," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्याला ऐकूच येत नाही."

"म्हणजे... तो मुद्दाम..." त्या माणसाचा आवाज एकदम बारीक झाला. "मी येऊ का त्याला न्यायला?"

काकूंनी मुलांकडे पाहिलं. झिपरीने 'नाही' म्हणून मान इतक्या जोरात हलवली की केस चोहीकडे उडाले.

"नको," काकू म्हणाल्या. "आता घर आम्हीच शोधू."

म्हणायला सोपं होतं! झिपरीच्या बाबांना कुत्र्याच्या केसांनी धाप लागायची. लांब्याच्या घरी मांजरांचं राज्य होतं. शिंपीणबाई म्हणाल्या, "बहिरा? मग राखण कशी करणार?" न्हावीदादांना कुत्रा आवडला, पण घरमालकाला चालत नव्हता. दारोदार फिरून बटणचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून भयानक आवाज आला. कुणीतरी हत्तीची शेपटी पिरगाळत असावं तसा! लोक कान झाकून पळत होते. बँडमास्तरांचा नव्या मुलांचा वर्ग सुरू झाला होता.

कुत्र्याने मात्र उघड्या दारातून चकाकणारी वाद्यं पाहिली आणि बटणच्या हातातली दोरी ओढत सरळ आत शिरला. फुंकून फुंकून लाल झालेल्या मुलांच्या मधून तो मोठ्या ढोलापाशी गेला, ढोलाला हनुवटी टेकून बसला. ढोल 'धम्म' वाजला तशी त्याची शेपटी हलली. पुन्हा 'धम्म', पुन्हा शेपटी!

"त्याला कळतंय!" बटण ओरडला. "अंगाला कळतंय त्याच्या!"

पांढऱ्या मिशांच्या बँडमास्तरांनी हात वर केला. वाद्यं थांबली. कुत्राही शेपटी थांबवून त्यांच्या हाताकडे बघू लागला.

"पोरांनो," मास्तर खाली वाकत म्हणाले, "माझ्या मंडळींचं वाजवणं ऐकून इथे उंदीरसुद्धा टिकला नाही. हा कसा काय बसला?"

झिपरीने सगळं सांगितलं. "त्याला हाक मारून उपयोग नाही, मास्तर. खुणांनीच सांगावं लागेल."

"अगं, मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?" मास्तर हसले. त्यांनी तळहात हळूच खाली आणला. कुत्रा बघत राहिला आणि हाताबरोबर हळूहळू जमिनीला पोट टेकून आडवा झाला. "एवढ्या वर्षांत माझ्या हाताकडे इतकं लक्ष देणारा विद्यार्थी आज पहिल्यांदा मिळाला!"

मुलं खो खो हसली. मास्तर हसता हसता चष्मा पुसू लागले. घरी ते एकटेच असत. "याला आता माझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टरकाकू, आई आणि दलालकाका तिथे आले. काकांनी कुत्र्यासाठी जाड गादी आणली होती. "मी डोळे उघडे ठेवले असते तर त्याची एवढी परवड झाली नसती," ते ओशाळून म्हणाले. "तुमची कमाल आहे, पोरांनो. गाडी धुवायला या मात्र!"

"येऊ की!" लांब्या म्हणाला. "पाइप आहेच आमच्याकडे!"

"नको, नको! मीच धुतो!"

आईने झिपरीच्या केसांतून हात फिरवला. "गाडीसमोर धावलीस, ते पुन्हा करायचं नाही. पण त्याच्यासाठी धावलीस, याचा मला अभिमान वाटतो."

मास्तरांचा वर्ग पुन्हा सुरू झाला. कुत्रा दाराकडे पाठ करून ढोलाशी पहुडला होता. सगळे निघाले. कोपऱ्यापर्यंत आल्यावर बटण एकदम थांबला.

"काय झालं?" झिपरीने विचारलं.

"आपण निघालोय हे त्याला ऐकू नाही आलं," बटण म्हणाला. "न सांगता कसं जायचं?"

तिघं पळत माघारी गेले, कुत्र्याच्या अगदी समोर जाऊन बसले आणि त्याने नीट पाहीपर्यंत हात हलवत राहिले.