कुट्टीच्या घरघरीतलं हसू

न्हावऱ्याच्या सुवर्णाला कुट्टीचं मशीन सुरू झालं, की दुसरं काही ऐकू यायचं नाही. मोटारीची घरघर, पात्यांचा खडखडाट आणि गुरांच्या वैरणीसाठी चिरल्या जाणाऱ्या उसाच्या शेंड्यांची, वाढ्यांची करकर गोठ्यात अशी भरून जायची, की नवरा ईश्वर शेजारी उभा राहून ओरडला तरी तिला त्याचे नुसते ओठ हललेले दिसायचे. सवयीनं मग तो आवाजही कानांना जाणवेनासा व्हायचा. हात चालायचे, मन भलतीकडेच असायचं.

त्या दुपारी लाईट आली तशी ती कामाला लागली. उन्हाळा रणरणत होता. पत्रे तापलेले, शेणाचा आणि हिरव्या रसाचा आंबूस वास कोंदलेला. ईश्वर विहिरीवर गेला होता. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

आणि तिच्या अगदी कानाशी कुणीतरी हसलं.

बाईचं हसू. जिवाभावाच्या माणसाशी दम लागेपर्यंत हसावं, तसं. एवढ्या गदारोळात तेवढंच लख्ख ऐकू आलं. सुवर्णाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हातातली वाढी आपोआप सुटली आणि ती गर्रकन वळून मागं सरकली.

मागं कुणीच नव्हतं.

तेवढ्यात मशीनमध्ये काडकन काहीतरी तुटलं. सुटलेलं पातं सणसणत गेलं आणि पलीकडच्या लाकडी मेढीत रुतलं. क्षणापूर्वी ती जिथं वाकून उभी होती, बरोबर तिथून.

ईश्वर धावत आला. आधी त्यानं बटण बंद केलं.

"लागलं का गं कुठं?"

"न्हाई… आवो, कोण हसलं?"

"हितं कोण हाय हसायला?"

"बाई हुती… माझ्या कानात हसली."

मशीन त्यांनी मांडवगण फराट्याच्या एका घरातून जुनं म्हणून आणलेलं. दुसऱ्या दिवशी ईश्वर गाडी काढून तिकडं जाऊन आला. परतला तो चहालाही शिवेना.

"त्यांची सून गेली ह्या मशीनपायी," तो हळूच म्हणाला. "लई हसरी हुती म्हनं. जाऊ कायतरी बोलली, म्हनून हसत मागं वळली… आन् पदर पट्ट्यात गेला."



"मंग मला तिनं वाचवलं, का मलाबी तसंच मागं वळवून…"

"गप. पुढं बोलू नगंस."

मशीन भंगारात गेलं. सुवर्णा वाढी विळ्यानं तोडू लागली. पण कान काही ताळ्यावर येईनात. रस्त्यानं जाणारं एखादं पोर खिदळलं तरी ती दचकून आधी मागं बघायची, अन् मग कितीतरी वेळ काळीज उडत राहायचं. दिवाळीच्या सुमारास कुठं ते निवत आलं.

एका संध्याकाळी ती म्हशीपाशी धारेला बसली. म्हैस ह्याच गोठ्यात जन्मलेली. सुवर्णावाचून कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. बसल्या बसल्या तिनं पाहिलं, की म्हशीनं रवंथ थांबवलाय. दोन्ही कान टवकारून ती मशीनच्या रिकाम्या जागेकडं बघतेय. सुवर्णानं कान देऊन ऐकलं. काही नाही… चिडीचूप.

म्हैस त्याच रिकाम्या जागेकडं बघत घोगऱ्या, मायेच्या आवाजात हुंकारली. रेडकाला हुंकारावी तशी.

आणि सुवर्णाचा हात अजून कासेला लागलाही नव्हता, तरी म्हशीनं पान्हा सोडला होता.