करडगी आणि दहा मिलिवॅट

भाजलेल्या शेंगांचा धूर.
खाकी कॉलरचं वरचं बटण, बंद.
एका चौरस सेंटीमीटरवर दहा मिलिवॅट.
गळ्यातलं इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी — करडगी.
"ओव्हर."

जानेवारी १९७४, सोलापूर, गड्ड्याची जत्रा. होम मैदानावर मी शेंगा घेत होते. एक पोलीस वायरलेसवाला अँटेना ओढून शेजारी उभा राहिला.

"बाई, जरा मागं सरा. लहरी लागतील."

"किती वॅटच्या?"

तो गडबडला. "दोन."

"दोन वॅटला एवढा दरारा? कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर आहे मी."

त्यानं सेट तोंडाशी नेला. "कंट्रोल, शेंगांच्या गाड्याजवळ एक बाई ऐकत न्हाय. मी हितंच थांबतो. ओव्हर."

त्याचं नाव विरुपाक्ष, मैंदर्गीचा, आमच्यासारखाच लिंगायत. मी चार दिवस रोज शेंगा घेतल्या. चौथ्या दिवशी म्हटलं, "परवा... घरी, माझ्या अप्पांना भेटायला या."

तो घामाघूम झाला. त्यानं कॉलरचं बटण उघडलं—

गळा रिकामा.

माझ्या हातातली पुडी खाली पडली. आमच्यात लिंग मेल्यावरसुद्धा अंगावरून काढत नाहीत. अप्पा नाव विचारायच्या आधी गळा बघतात.

"कुठं आहे?"

"घरी. देवघरात. सेट छातीशी असतोय की. करडगी चांदीची... लहरी तिच्यात भरून काळजात उतरल्या म्हंजे? आठ महिने झाले."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. माझं मीच."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत एक पुस्तिका सापडली. संध्याकाळी मैदानावर त्याला सांगितलं, "चांदीत लहरी साठत नाहीत. अमेरिकेची मर्यादा चौरस सेंटीमीटरला दहा मिलिवॅट. रशियाची त्याचा हजारावा भाग. सेट वीतभर लांब धरलात तर अमेरिकेच्या हिशेबानं तुम्ही सुरक्षित."

"आन् रशियाच्या?"

"नाही."

"खरं कोण?"

"माहीत नाही."

"तुमी खोटं बोलला असता तरी चाललं असतं की."

"तुम्ही अप्पांशी बोलाल?"

"खोटं? न्हाय."

आणि खोटं बोललाही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आल्या आल्या त्यानं कॉलर उघडून दाखवली, सगळं सांगितलं. आई आत निघून गेली. अप्पांच्या हातातला पेला तसाच राहिला. वाटलं, आता उठतील, दार दाखवतील.

"आठ महिने," अप्पा म्हणाले.

"व्हय."

अप्पांनी मला दोन्ही आकडे विचारले. दोनदा विचारले. मग उठून टोपी घातली.

"चला मठात. स्वामींच्या हातून लिंग परत बांधून घेऊ. मी येतो संगं." उंबऱ्यात थांबले. "आन् ह्या दोन्हीतला लहान आकडा धरा. जमंल तेवढा लांब ठेवा तो सेट. पोरगी द्यायची हाय मला."

विरुपाक्षनं माझ्याकडे बघितलं.

पुढं त्यानंच मला सांगितलं: पहिल्या दिवशी, शेंगांच्या गाड्याजवळ, कंट्रोलशी बोलला तेव्हा त्याच्या सेटमध्ये सेलच नव्हते. ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले.